प्रतिकृतीवर नोंद असूनही ती नावाने का सापडत नाही?

आपल्या चादरींच्या कारखान्यातील पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये मुख्य सर्व्हरवर नावाने सापडणारा व्यापारी प्रतिकृतीवर (मुख्य सर्व्हरची दुसऱ्या यंत्रावरील सतत अद्ययावत होणारी प्रत) सापडत नाही, पण ग्राहक क्रमांक टाकताच तीच नोंद निमूट समोर येते. म्हणजे डेटा बहुधा शाबूत असून मजकुराचा इंडेक्स (नावे झटपट शोधण्यासाठीची क्रमवार सूची) चुकीच्या क्रमाने चाळला जात आहे. दोन्ही यंत्रांवरील जीलिबसीची (अक्षरक्रम ठरवणाऱ्या लिनक्सच्या मूळ लायब्ररीची) आवृत्ती आधी पाहा. 2018 मधील 2.28 आवृत्तीत अक्षरक्रम बदलला, आणि स्ट्रीमिंग प्रतिकृतीत इंडेक्सची पाने जशीच्या तशी येत असल्याने जुन्या क्रमाने रचलेले पान नवे यंत्र नव्या क्रमाने वाचते. (सोलापुरात आम्ही अशाच प्रसंगी दोन दिवस डिस्कलाच दोष देत होतो.) प्रतिकृतीवर रीइंडेक्स (इंडेक्स नव्याने बांधणे) चालत नाही, म्हणून दोन्हीकडे ऑपरेटिंग सिस्टिमची एकच आवृत्ती ठेवावी आणि ॲमचेकने (इंडेक्स तपासणाऱ्या पोस्टग्रेसच्या साधनाने) खात्री होईपर्यंत त्या प्रतिकृतीला मुख्य सर्व्हर करू नये, अन्यथा युनिक (तेच मूल्य दोनदा येऊ न देणारा) इंडेक्स असूनही दुहेरी नोंदी शिरू शकतील.