खाडा पडल्यावर

“मॅडम, माझं मनच कच्चं आहे. चार दिवस धडाक्यात पळतो आणि पाचव्या दिवशी सगळं बारगळतं. शिस्त अंगात असावीच लागते का?”

मुलगा २२ वर्षांचा, पोलीस भरतीची तयारी करणारा. (ओळख पटू नये इतके तपशील बदलले आहेत.) मैदानी चाचणीचे ५० गुण, त्यातले २० एकट्या १६०० मीटरचे. घरी “आळशी” हा शिक्का बसलेला. मला तो आळशी वाटला नाही. आळशी माणूस पळाल्याच्या तारखा वहीत लिहून ठेवत नाही.

ती वही मी मागून घेतली. प्रत्येक सुरुवात सोमवारी, एक तारखेला नाहीतर पाडव्याला. पहिल्याच दिवशी आठ-दहा किलोमीटर. मग नडगी दुखायला लागायची, कधी पाहुणे यायचे, की एक खाडा. त्यानंतर थेट १९ दिवस कोरे.

“हा पहिला दिवस का चुकला?”

“मावसभावाची हळद होती, जागरण झालं.”

“आणि दुसरा?”

तो गप्प. मग म्हणाला, “खाडा पडलाच होता. म्हटलं आता एक तारखेपासून नीट धरू.”

त्याचं दुखणं इथं होतं. पहिल्या खाड्याला कारण असतं, ते बहुतेकदा खरंही असतं. दुसरा खाडा पडतो तो लाजेपोटी.

२१ दिवसांत सवय लागते, हेही त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. लंडनमधल्या एका अभ्यासात (फिलिपा लॅली आणि सहकारी) एखादी गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागल्याचा अंदाज निघाला. कुणाला १८, तर कुणाला २५४. मधला एखादा दिवस चुकल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. हे ऐकून त्याचा चेहरा सैल झाला.

आमचे आजोबा तालमीत जायचे. नव्या पोराला वस्ताद लगेच कुस्तीला उभं करत नसत, आधी हौदातली माती खणायला लावत. पोरगं रोज येतंय ना, एवढंच बघायचं. याच्याही बाबतीत मी तेच केलं. नडगी आधी डॉक्टरांना दाखवायला लावली. पळण्याचं उद्दिष्ट काढूनच टाकलं. बूट घालून मैदानावर जायचं, एक फेरी मारायची, वाटलं तर पुढे. वेळही बदलली, कारण रात्री एकपर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचला गजर, हे जमणारं नव्हतंच. संध्याकाळी लायब्ररीतून निघाला की घरी न जाता परस्पर मैदान. वहीत पळाल्याचे दिवस मोजायचे नाहीत. खाडा पडल्यावर कितव्या दिवशी परत आलो, तेवढाच आकडा लिहायचा.

पहिल्या महिन्यात तो आकडा सहा होता. तिसऱ्यात दोन. अभ्यासाची बैठक मात्र आपोआप वाढली नाही. व्यायाम सुरू झाला की बाकी सगळं रुळावर येतं, असं मी कुणाला सांगत नाही. त्याला अशीच वही पुढे अभ्यासासाठी नव्यानं सुरू करावी लागली.

चौथ्या महिन्यात त्याला ताप आला. पाच दिवसांनी मेसेज : “खाडे चार. आज गेलो, नुसतं चाललो.”

१६०० मीटरला तो आता ५ मिनिटं ५० सेकंद घेतो. पूर्ण गुणांसाठी ५ मिनिटं १० सेकंद लागतात. अजून ४० सेकंद कमी करायचे आहेत.