शाळेतल्या मुलांना नाटक शिकवायचं तर संहिता कोणती घ्यावी?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की आठवी-नववीची 40 मुलं आहेत, आठवड्याला 40 मिनिटांच्या 2 तासिका मिळतात आणि 6 आठवड्यांनी वार्षिक कार्यक्रम आहे. मुख्याध्यापकांना अर्ध्या तासाची एकांकिका हवी आहे.

आधी हिशेब. 12 तासिका म्हणजे 480 मिनिटं, म्हणजे घड्याळाचे 8 तास. नवख्या मुलांच्या एका मिनिटाच्या नाटकाला निदान पाऊण तास तालीम लागते, असं माझं ढोबळ गणित आहे. म्हणजे तुमच्या हातात 10 मिनिटांचं नाटक आहे, तेही एकही तासिका बुडाली नाही तर. अर्ध्या तासाचा आग्रह धरणाऱ्यांना हे गणित कागदावर मांडून दाखवा.

खरा मुद्दा वेगळाच आहे. नाटक बसवणं आणि नाटक शिकवणं या दोन गोष्टी आहेत आणि शाळांमध्ये बहुतेक वेळा पहिलीच होते. त्याची खूण एकच: शिक्षक वाक्य म्हणून दाखवतात आणि मूल ते तसंच म्हणतं.

एक साधं वाक्य घ्या. ‘तू आलास ते बरं झालं.’ शिक्षकांनी ‘बरं’वर जोर देऊन, हात पसरून ते म्हणून दाखवलं की मूल त्या वाक्याची चाल पाठ करतं. अर्थ बाजूलाच राहतो. मग समोरच्यानं आदलं वाक्य रागानं टाकलं काय नि रडत टाकलं काय, याचं ‘बरं’ त्याच पट्टीत येणार. प्रयोगात समोरचा एक ओळ गाळून पुढे गेला की हा थिजतो, कारण चाल जिथून उचलायची ती जागाच गेलेली असते. पालक म्हणतात, पाठांतर कच्चं होतं. पाठांतर चोख असतं, ऐकण्याची सवय लावलेली नसते.

त्याऐवजी विचारा: तुला याच्याकडून काय हवंय? त्यानं दिलं नाही तर तू काय करशील? मग तेच वाक्य तीन प्रसंगांत म्हणायला लावा. उसने पैसे बुडवलेला मित्र दारात उभा आहे. घरात आजारी माणूस आहे आणि मदतीला कुणी नाही. पाहुणा चुकीच्या दिवशी आलाय. दोघांना त्यांचे हेतू वेगवेगळे कानात सांगा, एकमेकांना कळू देऊ नका. रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीचा ‘मी या जागी असतो तर’ हा प्रश्न वर्गात उतरतो तो असा, त्यासाठी त्याच्यावर व्याख्यान द्यावं लागत नाही.

आणि कृपा करून ‘हावभाव कर’ ही सूचना बंद करा. तिच्यामुळे ‘मी’ म्हणताना हात छातीवर जातो आणि ‘आकाश’ म्हणताना वर. हातांना काम द्या. दोन मुलांना एक मोठी चादर द्या आणि तिची घडी घालता घालता भांडणाचा प्रवेश करायला सांगा. टोकाला टोक जुळवताना दोघांना एकमेकांजवळ यावंच लागतं, आणि नेमकं तेव्हाच भांडण चाललेलं असतं! पॉझ आपोआप येतो, नजर चुकवली जाते, घडी वाकडी होते. नंतर चादर काढून घ्या आणि तोच प्रवेश पुन्हा करा. अंगात उरतं ते खरं.

‘मोठ्याने बोल’ हीसुद्धा तशीच निकामी सूचना. मूल घशातून ओरडतं आणि तिसऱ्या दिवशी आवाज बसतो. आपल्या भाषेत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, नकार तर त्याच्याही नंतर, आणि दम संपतो तो नेमका तिथेच. ‘मी उद्या येणार नाही’ मधलं ‘नाही’ तिसऱ्या रांगेपुढे जातच नाही, म्हणजे प्रेक्षकांच्या लेखी तो येणार असतो. उपाय: वाक्य शेवटाकडून बांधा. ‘नाही.’ ‘येणार नाही.’ ‘उद्या येणार नाही.’ मग पूर्ण वाक्य, एका दमात. शेवटच्या रांगेत दोन मुलं मंचाकडे पाठ करून बसवा. त्यांनी ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणायचं. तालमीला सभागृह रिकामं असतं, आवाज घुमतो आणि पोचल्यासारखा वाटतो. प्रयोगाला माणसं भरली की तीच माणसं आवाज शोषून घेतात, वर कुजबुज असतेच. हातात फिरता माइक देऊ नका. एक हात माइकला अडकला की अभिनय तिथेच संपतो. पुढच्या कडेला ठेवलेले माइक चालतात, पण मग पावलं हलकी हवीत, नाहीतर संवादाआधी धपधप ऐकू येते.

40 जणांचं काय? 5-5 जणांचे 8 गट केले आणि प्रत्येक गटानं 3 मिनिटं सादर केलं तर 24 मिनिटं नुसती बघण्यात जातात, आणि सहाव्या गटापासून कुणी बघतही नाही. सगळे गट एकाच वेळी काम करू देत, सादर दोनच गटांनी करायचं, पुढच्या वेळी दुसऱ्या दोन गटांनी. पात्रयोजना पहिल्या दिवशी जाहीर करू नका. पहिल्या 3 तासिका भूमिका बदलून बदलून वाचन घ्या, वेगळंच कुणीतरी सापडतं. जमिनीवर खडूनं रंगमंचाचं खरं माप आखून घ्या, नाहीतर वर्गात बसवलेल्या हालचाली मंचावर विसकटतात आणि सगळे एका रांगेत उभे राहतात. प्रॉम्प्टर, म्हणजे आडून वाक्यं सुचवणारा, चौथ्या आठवड्यात बंद. अंधार करून प्रवेश बदलणं शक्य तितकं टाळा. प्रेक्षकांना 10 सेकंदांचा अंधार फार मोठा वाटतो आणि मुलं त्यात धडपडतात.

भरतमुनींनी अभिनय चार प्रकारचा सांगितला: आंगिक (शरीराचा), वाचिक (बोलण्याचा), आहार्य (वेशभूषा-सजावटीचा), सात्त्विक (आतल्या भावाचा). आपल्याकडे सुरुवात आहार्यापासून होते. कपडे भाड्यानं ठरतात, मग तालीम! महाविद्यालयांत रोग उलटा: जर्मन नाटककार ब्रेख्तच्या दुरावा-तंत्रावर (प्रेक्षकाला नाटकात वाहून न जाऊ देण्याच्या तंत्रावर) 10 गुणांचं उत्तर तोंडपाठ, पण दोन पानांचा प्रवेश हातात दिला की कोण कुणाकडून काय मिळवू पाहतंय हे सांगता येत नाही. तिथे निम्मे गुण तालमीच्या वहीला द्या: काय करून पाहिलं, काय फसलं, का.

‘अहो, एकदा करून दाखवा ना, पटकन होईल’ म्हणणारे सहकारी तुमच्याही तालमीत डोकावतील. होतं पटकन, हे खरंय. पण पुढच्या वर्षी तेच मूल पुन्हा ‘आता कसं म्हणू?’ विचारत तुमच्यासमोर उभं राहतं, आणि हे सहकारी त्यालाच शिस्त म्हणतात.

अपवाद आहेत. मंचावर पडणं, खोटी थोबाडीत मारणं, वृत्तातली ओळ, बोलीचा हेल, हे करूनच दाखवावं लागतं. आणि रडण्याच्या प्रवेशासाठी मुलाला त्याच्या घरातलं दुःख आठवायला लावू नका. ते उपटलेलं परत बसवणं नाटकाच्या शिक्षकाचं काम नाही.

राहिली संहिता. 10 मिनिटांची, 8-10 बोलकी पात्रं, एकच स्थळ, निवेदक नसलेली घ्या. निवेदक आला की जे करून दाखवायचं ते सांगितलं जातं. उरलेल्या 30 जणांना झाडं करून उभं करू नका. नटांचा दुसरा संच तयार करा, आवाज, प्रकाश आणि मंचावरच्या वस्तूंची कामं वाटून द्या, आणि गर्दीचा एक प्रवेश असा घ्या की गर्दीतल्या प्रत्येकाला काहीतरी हवं असेल.