शाळेने मुलाचा मानसशास्त्रीय अहवाल मागितलाय. त्यात घरातल्या गोष्टी लिहिणं योग्य आहे का?

नाही. प्रश्न वाचनातल्या अडचणीचा असेल, तर वडिलांची दारू किंवा आजीचा जुना आजार शाळेच्या अहवालात कशाला? आमच्या मालवण-देवगडकडे असा कागद एका हातात राहत नाही, चार दिवसांत तिठ्यावर पोचतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं, कलम २५ आपल्या नोंदी मिळण्याचा. शाळेपुरता वेगळा, छोटा अहवाल मागा.

मला जास्त खुपतं ते भाषेचं. घरी मालवणीत ‘खंय’ (कुठे), ‘चेडू’ (मुलगी) म्हणणारं मूल प्रमाण मराठीतल्या चाचणीत अडखळतं, गुण कमी पडतात. चाचणी कोणत्या भाषेत घेतली, मूल घरी काय बोलतं, हे न लिहिता नुसता बुद्ध्यांक लिहून देणं हा त्या पोरावर अन्याय आहे. शिक्षक तो आकडाच लक्षात ठेवतात. म्हणून त्या दिवशी मूल आजारी होतं का, घाबरलं होतं का, हेही अहवालात यायला हवं.

अहवाल शाळेत जाण्याआधी तज्ज्ञांकडून समजावून घ्या, न कळलेला शब्द तिथेच विचारा. आणि हो, तज्ज्ञांच्या सहीखाली आरसीआय म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे ना, तेवढं बघा.