जनेल, खिडकी आणि जेफ्रेमची चौकट

म्हापशाहून एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: नेटबीन्समध्ये, म्हणजे जावा भाषेत प्रोग्राम लिहायच्या साधनात, डेस्कटॉपसाठी नवा प्रोजेक्ट केला, त्यात ‘जेफ्रेम फॉर्म’ (प्रोग्रामची पडद्यावरची विंडो) घेतला, मराठी टिपणात त्याला काय म्हणू? सर ‘गवाक्ष’ म्हणतात, घरी आजी खिडकीला ‘जनेल’ म्हणते.

आधी ते ‘गवाक्ष’ खोडा. संगणकाच्या मराठीत हा शब्द कानावर आला की माझं डोकं फिरतं. गवाक्ष म्हणजे बैलाचा डोळा, भिंतीतला जाळीदार झरोका. त्यातून उजेड येतो, बाहेरचं दिसतं, पण तो ना उघडतो ना मिटतो. पडद्यावरची विंडो तर आपण दिवसभर उघडतो, मिटतो, तिच्यात हात घालून कामं उरकतो. इंग्रजी ‘विंडो’चं मूळही जुन्या नॉर्स भाषेत ‘वाऱ्याचा डोळा’ असं आहे, म्हणून गवाक्ष चपखल, असा युक्तिवाद मी ऐकला आहे. नॉर्स लोकांना डोळा दिसला म्हणून आपणही डोळाच का पाहायचा?

आपल्या पूर्वजांना तिथे दार दिसलं. खिडकीच्या मागे प्राकृत ‘खडक्की’ आहे: छोटं दार, मागचं दार. गुजरातीत ‘खडकी’ म्हणजे आजही घराचं किंवा ‘पोळ’ नावाच्या गल्लीवजा वस्तीचं प्रवेशद्वार. खडखड आवाजावरून खिडकी आली असं काही जण ठासून सांगतात. दाराच्या अर्थाचा धागा इतका सलग हाती लागत असताना तो तोडून आवाजामागे धावायचं कशाला?

आणि आता आजीचं जनेल! पोर्तुगीज ‘जानेला’, त्यामागे लॅटिन ‘जानुआ’, म्हणजे दार. जानेला हे त्याचं लघुरूप, म्हणजे पुन्हा छोटं दारच. दारांचा रोमन देव जानुस, त्याच्या नावाचा महिना जानेवारी. एकमेकांचं नावही न ऐकलेल्या दोन भाषांनी भिंतीतल्या त्याच पोकळीला छोटं दार म्हटलं, आणि ते दोन्ही शब्द गोव्यात एकाच घरात नांदतात. आमच्या जुन्या घराला अजून शिंपल्यांची जनेलं आहेत. तळहाताहून लहान तावदानं, आत दुधी उजेड. त्यांच्यातून अंगण दिसत नाही. कोण आलंय ते पाहायचं तर जनेल उघडावंच लागतं. डोळा नव्हे, दार! चावी, पगार, इस्त्री हे पोर्तुगीज शब्द मराठीने कधीच आपले केले, मग जनेलाला परकं मानायचं कारण नाही.

जेफ्रेमचं म्हणाल, तर जावाने स्वतःच भेद केला आहे. तिथे ‘विंडो’ हा मूळ वर्ग (क्लास, म्हणजे साचा). तिला कड नाही, शीर्षकपट्टी नाही. ‘फ्रेम’ तिच्यापासून निघते आणि कड, शीर्षक घेऊन येते. जेफ्रेम त्या फ्रेमची लेक. म्हणून विंडोला खिडकी, जेफ्रेमला चौकट. मेस्त्रीही भिंतीत आधी चौकटच बसवतो, झडपा मागाहून. टिपणात सरळ लिहा: ‘प्रोजेक्टमध्ये नवी चौकट घ्या. पॅलेटमधून बटणं ओढून तिच्यावर ठेवा. करड्या पट्ट्यातला कोड नेटबीन्स स्वतः लिहितं, त्याला हात लावू नका. मग प्रोजेक्ट चालवा, खिडकी उघडेल.’ आजीला वाचून दाखवताना शेवटी ‘जनेल उघडेल’ म्हणा.