उभी असली की थरथर, रेस दिली की गप्प

प्रश्न : दादा नमस्कार. आमच्याकडं वडिलांनी घेतलेली २००४ ची मारुती ८०० आहे, एमपीएफआय म्हणजे इंजेक्टरवाली, एसीवाली. दिवाळीला सोयाबीन घरात आलं तेव्हा पडवीत कट्ट्यांच्या बाजूला लावली ती संक्रांतीलाच बाहेर काढली. तवापासून उभी असली की लई थरथरायलीय, आरसा हलतो, स्टेअरिंग हलतंय, एसी लावला की बंदच पडायलीय. रेस दिली, रोडला लागली की काहीच नाही, एकदम मख्खन. प्लग नवे टाकले, एअर फिल्टर बदलला, फरक शून्य. गॅरेजवाला म्हणतो कॉम्प्रेशन गेलंय, इंजिन खोलावं लागतंय. काय करू? वडील गाडी विकू देईनात.
एक वाचक, अहमदपूर, जि. लातूर

उत्तर : भाऊ, वडिलांचं ऐका, आणि इंजिनला तर आत्ताच पाना लावू देऊ नका. कॉम्प्रेशन म्हणजे सिलेंडरात हवा दाबली जाते तो दाब, तो गेलाय म्हणणाऱ्यानं गेज लावून मोजलाय का, हे आधी विचारा. नुसतं कानानं ऐकून कुणी इंजिन खोलायला काढत असेल तर गाडी तिथून परत आणा.

पत्र वाचताना माझं लक्ष अडकलं ते त्या सोयाबीनच्या कट्ट्यांवर. धान्य आलं की उंदीर आलाच, आणि थंडीत बॉनेटखाली त्याला आयती ऊब. मागं जालन्याकडं मामाच्या शेतावर अशीच एक जुनी झेन बघितली होती. बॉनेट उचललं तर इंजिनवर लेंड्या, कापसाचा भुगा, बाजरीची टरफलं. बाकी सगळं जागच्या जागी. पण मॅनिफोल्डच्या, म्हणजे इंजिनला हवा पोचवणाऱ्या नळ्यांच्या मागं करंगळीएवढा काळा रबरी पाइप होता, वरून धड, चकचकीत, आणि खालून बोट फिरवलं तर करवतीसारखे दाते लागले. कुरतडलेला. नुसतं वरून बघून कुणालाच दिसला नसता. कुरतडलेली जागा आणि मॅनिफोल्ड यांच्या मधे तो पक्कडीनं दाबून धरला आणि इंजिन लगेच शांत झालं, मामा म्हणले आता हात काढूच नको.

हे असं का होतं ते समजून घ्या म्हणजे कुणी फसवणार नाही. उभ्या गाडीत ॲक्सिलरेटरवर पाय नसतो, थ्रॉटलची, म्हणजे हवेच्या वाटेवरच्या झडपेची चकती जवळपास मिटलेली असते, त्यामुळं मॅनिफोल्डमध्ये ओढ सगळ्यात जास्त असते आणि बारीक भेगेतून सुद्धा चोरहवा आत शिरते. इंजिनला त्या वेळी हवाच थोडी लागते म्हणून एवढीशी चोरहवा पण मोठी होते, मिश्रण बिघडतं. रेस दिली की चकती उघडते, ओढ कमी होते, खरी हवा ढिगानं येते आणि चोरहवा तिच्यात लपून जाते. तुमची गाडी रोडला मख्खन चालायलीय ती यामुळंच असावी असं मला वाटतं.

गार इंजिनवर टॉर्च घेऊन मॅनिफोल्डला जोडलेला प्रत्येक रबरी पाइप खालून बोटानं चाचपा, टोकाशी जरा वाकवून बघा, जुनं रबर तिथंच तडकतं. इंजिनच्या डोक्यावरच्या टॅपेट कव्हरकडून येणारा ब्रीदरचा, म्हणजे इंजिनातली वाफ काढणारा पाइप विसरू नका. वायरी पण बघा, उंदराला त्या पण चालतात. मग इंजिन चालू करून पक्कडीला फडकं गुंडाळून एकेक पाइप हळूच दाबा, फॅन आणि बेल्टपासून हात आणि बाह्या लांब ठेवून. ज्या पाइपला आवाज सुधारला तो बदलायचा. काही जण भेग शोधायला गरम इंजिनवर कार्ब क्लीनर मारतात, ते पेट घेतं, तुम्ही करू नका.

एसीचं वेगळं. कॉम्प्रेसर लागला की इंजिनवर लोड येतो, तेव्हा आयडलचा, म्हणजे रेस न देता इंजिन चालू ठेवणारा व्हॉल्व्ह उघडून जास्त हवा द्यायची असते. आपल्याकडची धूळ तुम्हाला माहितीय, त्यात ब्रीदरमधून येणारी तेलाची वाफ, दोन्ही मिळून थ्रॉटल बॉडीत काळा चिकट थर बसतो आणि व्हॉल्व्ह अडकतो. पाइप धड निघाले तर थ्रॉटल बॉडी आणि तो व्हॉल्व्ह साफ करून घ्या. टाकीतलं पेट्रोल पण अडीच महिन्यांचं आहे, आता पेट्रोलात इथेनॉल असतं आणि ते ओल धरतं, ते काढून ताजं भरा.

एवढं करून पण थरथर राहिली तर कोणतं सिलेंडर मिस मारतंय, म्हणजे पेटत नाही, ते शोधायचं. तुमच्या ७९६ सीसी इंजिनला तीनच सिलेंडर, ८५० आरपीएमला प्रत्येक सिलेंडर सेकंदाला साधारण ७ वेळा फायर होतं, म्हणजे तिन्ही मिळून २१, एक मेलं की १४, मग आरसा हलणारच. इंजिन बंद करून एका इंजेक्टरचं सॉकेट काढा, चालू करा, ऐका. आवाज अजून पडला तर ते सिलेंडर काम करत होतं. काहीच फरक पडला नाही तर दोषी तेच. त्याचा प्लग शेजारच्या सिलेंडरला घाला, मिसिंग तिकडं गेलं तर प्लग खराब, नवा असला तरी. गेलं नाही तर प्लगची वायर अशीच बदलून बघा. चालू इंजिनवर प्लगच्या वायरी उपटायची जुनी सवय एमपीएफआयला चालत नाही, कॉइल जाऊ शकते आणि झटका बसतो तो वेगळा.

आणि मग कॉम्प्रेशन. तिन्ही प्लग काढून, इग्निशन आणि इंजेक्टर बंद करून, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, गेज लावून मोजायचं. एक सिलेंडर बाकीच्यांपेक्षा बरंच कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह. हा आकडा कागदावर लिहून घ्या, मगच खोलायची बोलणी. आणि आवाज एकसारखा असून नुसती बॉडीच हलत असेल तर इंजिन ज्यावर बसतं त्या माउंटिंगचं रबर बसलंय, ते स्वस्तातलं काम आहे.

प्रश्न : माझी जुनी डिझेल जीप आहे. डिझेल फिल्टर बदलल्यापासून उभी असताना आवाज वर-खाली होतो, मधेच बंद पडते. गॅरेजवाले डिझेलचा पंप उतरवायला सांगायलेत.
एक वाचक, जिंतूर

उत्तर : काका, पंप आहे तिथंच राहू द्या. फिल्टर बदलताना डिझेलच्या लाइननं एअर घेतलीय, म्हणजे पाइपात हवा शिरलीय. फिल्टरवरचा एअरचा स्क्रू थोडा ढिला करा आणि डिझेल ओढायचा छोटा हँडपंप मारत राहा, आधी फेस येईल, बुडबुडे येतील, मग डिझेलची सलग धार लागली की धार चालू असतानाच स्क्रू आवळा. दोन दिवसांनी परत तसंच झालं तर कुठूनतरी हवा ओढायलीय. फिल्टरला येणाऱ्या पाइपांच्या बोल्टखाली तांब्याचे वॉशर असतात, जुनेच परत बसवले असतील तर तिथंच बघा, नवे टाका.