मुलीने पदवी पूर्ण होण्याआधी गोल्फमध्ये प्रो व्हावे का?

आपण विचारले आहे की, मुलगी बारावीला आहे, हँडिकॅप (खेळाची पातळी दाखवणारा आकडा; जितका कमी तितका खेळ चांगला) 4 आहे, प्रशिक्षक ‘कॉलेजात वेळ घालवू नका, लगेच प्रो (व्यावसायिक खेळाडू) करा’ असे सांगत आहेत, तर काय करावे, आणि त्यासाठी सोलापूर सोडून पुण्याला राहायला जावे का. माझे उत्तर स्पष्ट आहे : एवढ्यात प्रो करू नका. तिला कॉलेजात घाला, तीन वर्षे हौशी खेळाडू म्हणून खेळू द्या. माझी लेक याच वाटेने प्रो झाली आहे, आणि त्या तीन वर्षांवरून मला माझ्याच घरात आजतागायत बोलणी खावी लागतात. म्हणून हा प्रश्न वाचल्यावर गप्प बसवले नाही.

मी शाळेत गणित शिकवत होते आणि यजमान टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात हिशेब पाहत. कारखान्याच्या पुण्यातील कचेरीत त्यांची नेमणूक असताना लेक दहाव्या वर्षी गोल्फ खेळू लागली. ती दहावीत गेली तेव्हा सासूबाईंच्या आजारपणामुळे आम्ही सोलापूरला परत आलो आणि गोल्फचा कोर्स (मैदान) अडीचशे किलोमीटर दूर गेला. पहाटेच्या हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जायचे, दुपारी खेळायचे आणि संध्याकाळी त्याच गाडीने परतायचे, असे आम्ही दर दुसऱ्या रविवारी केले. उरलेल्या दिवसांत गच्ची हेच मैदान होते. ड्राइव्हसाठी (लांबच्या पहिल्या टोल्यासाठी) एका टोकाला जाळे बांधले होते. पटच्या (बॉल होलमध्ये घालण्याच्या हलक्या टोल्याच्या) सरावासाठी आधी चादर अंथरली, परंतु सोलापुरी चादरीच्या नक्षीवर बॉल उड्या मारतो. मग यजमानांनी कारखान्यातून न कापलेल्या टॉवेलचा एक ताका आणला. त्याची किनार ही तिची रेषा झाली, आणि ताक्याच्या टोकाला मी कंपासने 54 मिलिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढून कापलेला पुठ्ठा ठेवू लागले, कारण होलचा व्यास 108 मिलिमीटर असतो. टॉवेलवर बॉल लवकर थांबतो, म्हणून तिचा हात ठाम झाला. मात्र पुण्याच्या वेगवान ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) पहिल्या दिवशी तिचे पट होलच्या पुढे निघून जात आणि हातातला जोर कमी करण्यात प्रत्येक स्पर्धेचा पहिला अर्धा दिवस जाई.

आता मूळ गोष्ट सांगते. 2017च्या जानेवारीत, ती एस. वाय. बी.कॉम.ला असताना, पुण्यातील एका व्यावसायिक स्पर्धेत हौशी खेळाडू म्हणून तिला प्रवेश मिळाला. बॅग मी वाहिली. पहिल्या दोन फेऱ्या (फेरी म्हणजे अठरा होल) 74 आणि 72 स्ट्रोकमध्ये (टोल्यांत; जितके कमी तितके चांगले) झाल्या. तिसऱ्या फेरीच्या अठराव्या होलवर तिला चार फुटांचा पट उरला. तो पडला तर तिसरे स्थान, चुकला तर चौथीशी बरोबरी. तिने बॉल उचलून बॅगेला लटकवलेल्या, वडिलांच्याच कारखान्यातल्या टॉवेलच्या तुकड्याने दोनदा पुसला, परत ठेवला आणि माझ्याकडे न पाहता पट मारला. बॉल होलच्या काठावर क्षणभर थांबला आणि आत गेला. फलकावर तिच्या नावापुढे हौशी असल्याची खूण होती. त्या वेळच्या नियमांनुसार हौशी खेळाडूला क्रमांकाचे रोख बक्षीस घेता येत नसे, त्यामुळे तिसऱ्या क्रमांकाचा धनादेश चौथ्या आलेल्या मुलीला मिळाला आणि माझ्या लेकीला सर्वोत्तम हौशी खेळाडूचा चषक. त्या रकमेत आमचा दीड वर्षाचा रेल्वेचा आणि बॉलचा खर्च निघाला असता. ती मुलगी आमच्याजवळ आली, लेकीचा हात धरून उभी राहिली आणि म्हणाली की दोन महिन्यांचे खोलीचे भाडे थकले होते, ते आता भरता येईल. परतीच्या प्रवासात लेकीने चषक टॉवेलात गुंडाळून पायाशी ठेवला आणि कुर्डूवाडी येईपर्यंत कॉस्ट अकाउंटिंगची गणिते सोडवली.

त्याच आठवड्यात गड्ड्याच्या यात्रेसाठी थोरले दीर बार्शीहून आले होते. त्यांनी वर्तमानपत्रातले एक कात्रण माझ्यासमोर ठेवले. भारतीय गोल्फपटू अदिती अशोकने नोव्हेंबर 2016 मध्ये इंडियन ओपन जिंकली आणि त्याच महिन्यात कतारलाही जिंकली, त्याची ती बातमी होती. भाऊजी म्हणाले, “अठराव्या वर्षी ही मुलगी युरोपच्या टूरवर (व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत) दोनदा जिंकते, आणि आपण हातात आलेले पैसे दुसरीला देऊन बी.कॉम.ची परीक्षा देतो. मुलीची तीन वर्षे तुम्ही फुकट घालवत आहात.” घरातील कोणीही त्यांना उत्तर दिले नाही. त्या दिवशी मीही दिले नाही, ते आज देते.

अदितीचे उदाहरण देणाऱ्यांनी ते पुरते द्यावे. ती 1 जानेवारी 2016 रोजी प्रो झाली हे खरे, पण त्याआधी 2015 मध्ये तिने ब्रिटनची हौशी महिलांची स्ट्रोक प्ले स्पर्धा जिंकली होती आणि डिसेंबरात मोरोक्कोतील युरोपीय टूरच्या पात्रता स्पर्धेत पहिली आली होती. म्हणजे टूरवर खेळण्याचा हक्क हातात आल्यावर तिने हौशीपण सोडले. माझ्या लेकीच्या हातात त्या वेळी एक चांगली स्पर्धा आणि एक चषक होता. एवढ्यावर प्रो व्हायचे नसते.

त्यानंतरच्या अकरा महिन्यांत काय झाले ते माझ्या वहीत आहे. प्रत्येक फेरीचे स्ट्रोक, पट आणि फेअरवेवर (कोर्सच्या मधल्या कापलेल्या पट्ट्यावर) पडलेले ड्राइव्ह मी लिहून ठेवत असे. लांबी वाढवण्यासाठी प्रशिक्षकांनी तिचा स्विंग (टोला मारण्याची पद्धत) बदलला आणि ती पुढच्या 8 स्पर्धांपैकी 5 स्पर्धांत कटच्या (सुरुवातीच्या फेऱ्यांनंतर पुढे खेळता येण्याच्या मर्यादेच्या) बाहेर राहिली. दर फेरीत 31 पट लागत ते 34 वर गेले. प्रो असती तर या पाचही वेळा प्रवेश शुल्क, प्रवास आणि मुक्काम यांचा खर्च होऊन हाती शून्य आले असते, आणि सहाव्या स्पर्धेत पैशासाठी तिने जुना स्विंग पुन्हा धरला असता. हौशी होती, म्हणून तिला चुकत राहण्याची मुभा मिळाली. एफ. वाय.ला तिची सरासरी 78.6 होती, एस. वाय.ला 77.9 आणि टी. वाय.ला 74.2. भाऊजी ज्या वर्षांना फुकट म्हणतात, त्यांत फेरीमागे 4.4 स्ट्रोक कमी झाले. तीन फेऱ्यांच्या स्पर्धेत हे तेरा स्ट्रोक होतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये अदितीचे पदक एका स्ट्रोकने हुकले, आणि तिथे तिची बॅग तिची आई वाहत होती. त्या एका स्ट्रोकची किंमत काय असते हे बॅग वाहिलेल्या आईला विचारावे.

2018च्या उन्हाळ्यात शेवटचा पेपर दिल्यावर तिने प्रो म्हणून नाव नोंदवले. तिसऱ्या स्पर्धेत पहिला धनादेश मिळाला, 28 हजारांचा, तोही कर कापून. आज ती देशातील टूरवर स्वतःच्या कमाईवर खेळते आणि आपले हिशेब व विवरणपत्रे स्वतः भरते, कारण तिला ते येते.

परदेशातले उदाहरण हवे असेल तर अमेरिकेची गोल्फपटू रोझ झांग हिचे घ्या. स्टॅनफर्ड विद्यापीठाकडून ती दोन वर्षे खेळली, 20 स्पर्धांपैकी 12 जिंकली, 2022 आणि 2023 अशी लागोपाठ दोन वर्षे अमेरिकेतील कॉलेजांचे वैयक्तिक विजेतेपद मिळवले, आणि मग जून 2023 मध्ये प्रो म्हणून पहिलीच एलपीजीए (अमेरिकेतील महिलांची व्यावसायिक टूर) स्पर्धा जिंकली. अशी पदार्पणातच जिंकणारी खेळाडू 1951 नंतर झाली नव्हती. प्रो झाल्यावरही तिने शिक्षण सोडले नाही. तिथल्या कॉलेजांना कोर्स, संघ आणि शिष्यवृत्त्या असतात हे मला ठाऊक आहे. आमच्या कॉलेजात गोल्फ हा खेळ यादीतच नाही म्हणून हजेरीची सवलत नाकारली गेली होती आणि तेवढ्यासाठी मी चार वेळा अर्ज केले होते. आपल्यालाही तो त्रास होईल. प्रवेश घेण्याआधीच प्राचार्यांना लेखी विचारून ठेवा.

प्रायोजक मिळावेत म्हणून प्रो व्हायचे, असे प्रशिक्षक म्हणत असतील तर ते कारण आता उरलेले नाही. जानेवारी 2022 पासून हौशी खेळाडूलाही प्रायोजक घेता येतो आणि 1000 डॉलरपर्यंतचे बक्षीसही स्वीकारता येते. उलट प्रो झाल्यावर परत हौशी व्हायचे तर अर्ज करून ठरावीक काळ थांबावे लागते.

माझे म्हणणे प्रत्येक मुलीला लागू नाही, हेही लिहिले पाहिजे. भारताचीच दीक्षा डागर 2019 मध्ये प्रो झाली आणि त्याच वर्षी मार्चमध्ये, अठराव्या वर्षी, दक्षिण आफ्रिकेची महिला ओपन जिंकली. तिला कोणी थांबवले असते तर ते चूक ठरले असते. शिवाय आमच्या घरी एक पगार नियमित येत होता. ज्या घरात तो नाही त्यांना मी तीन वर्षे थांबा असे सांगू शकत नाही.

म्हणून आपल्या मुलीचे नेमके काय ते तिच्या स्कोअरकार्डांवरून ठरवा. हँडिकॅप 4 या आकड्यावर जाऊ नका. 2020 पासूनच्या पद्धतीत शेवटच्या 20 फेऱ्यांतल्या उत्तम 8 फेऱ्यांवरून तो काढतात, त्यामुळे उरलेल्या 12 फेऱ्या त्यात दिसतच नाहीत, आणि टूरवर प्रत्येक स्ट्रोक मोजला जातो. त्या 20 फेऱ्यांपैकी सर्वांत वाईट 5 घ्या आणि त्यांची सरासरी काढा. पार 72च्या (ज्याचे प्रमाण 72 स्ट्रोक ठरलेले आहे अशा) कोर्सवर ती सरासरी 76च्या आत असेल तर प्रशिक्षकांचे ऐका. 80च्या वर असेल तर जूनमध्ये कॉलेजचा फॉर्म भरा आणि वही सुरू करा. पुण्याला राहायला जाण्याबद्दल इतकेच सांगते की आम्ही गेलो नाही. गच्चीवरचा तो ताका अजून आहे, आणि लेक सुटीत घरी आली की संध्याकाळी त्यावरच सराव करते.