सहा मशिनं, एकच ओळख: नुसतं नाव बदलून का भागत नाही

इंदूरच्या रामबागेतल्या वाचनालयासाठी तुम्ही एका उबंटू सर्व्हरच्या (लिनक्सवर चालणारी एक ऑपरेटिंग सिस्टम) प्रतीवरून सहा मशिनं उभी केलीत. नाव बदललं तरी रीस्टार्टनंतर जुनंच येतं, आणि मॅक पत्ते (नेटवर्क कार्डाचे क्रमांक) वेगळे असूनही दोन मशिनांना एकच आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळतो. असं का होतं, हे तुम्ही विचारलंत. ही दोन वेगळी दुखणी आहेत. (आज्ञा इथे उच्चारानुसार देवनागरीत दिल्यात, टाईप रोमनमध्येच करा.)

आधी नाव. नुसत्या 'होस्टनेम' आज्ञेने दिलेलं नाव रीस्टार्टपर्यंतच टिकतं. 'सुडो होस्टनेमसीटीएल सेट-होस्टनेम रामबाग-3' असं (सुडो म्हणजे पुढची आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने चालवा) दिलंत की ते /ईटीसी/होस्टनेम फाइलमध्ये लिहिलं जातं. लहान अक्षरं, आकडे आणि मधली आडवी रेघ एवढंच वापरा, अंडरस्कोअर नको. मग /ईटीसी/होस्ट्स उघडून 127.0.1.1 च्या ओळीतलं जुनं नावही बदला. ही ओळ विसरली की प्रत्येक सुडोला 'अनेबल टू रिझॉल्व्ह होस्ट' अशी कुरकुर ऐकावी लागते. एवढं करूनही जुनं नाव परतलं, तर ते क्लाउड-इनिटचं (मशिन सुरू होताना आपोआप मांडणी करणारी प्रणाली) काम: /ईटीसी/क्लाउड/क्लाउड.सीएफजी मध्ये 'प्रिझर्व्ह_होस्टनेम' ट्रू करा. प्रॉम्प्टवर (आज्ञा टाईप करायच्या ओळीच्या सुरुवातीला) जुनंच नाव दिसतंय म्हणून घाबरू नका, नवीन शेल (आज्ञांची खिडकी) उघडा.

खरी गोम आयपीची. सहाही मशिनांवर 'कॅट /ईटीसी/मशिन-आयडी' चालवून बघा. 32 अक्षरांची तीच ओळ सगळीकडे दिसेल. उबंटू सर्व्हरवर सिस्टमडी-नेटवर्कडी (सिस्टमडी या मशिन सुरू करणाऱ्या प्रणालीचा नेटवर्क सांभाळणारा भाग) डीएचसीपीला (आयपी वाटणारी राउटरमधली सेवा) स्वतःची ओळख सांगतो ती मॅकवरून नव्हे, या आयडीवरून. राउटरच्या लेखी सहाही मशिनं म्हणजे एकच गिऱ्हाईक.

हा आयडी बदलायचं काम एसएसएचवरून (दुसऱ्या मशिनवरून दूरस्थ जोडणी) करू नका, रीस्टार्टनंतर आयपी बदलेल. मशिनसमोर बसूनच करा. 'सुडो ट्रंकेट -एस 0 /ईटीसी/मशिन-आयडी' देऊन फाइल रिकामी करा. रिकामी करा, उडवू नका! फाइलच नसेल तर सिस्टमडीला वाटतं की ही मशिनची पहिलीच सुरुवात, आणि तुम्ही हाताने चालू-बंद केलेल्या सेवा मूळ ठरलेल्या स्थितीत जाऊ शकतात. मग 'एलएस -एल /व्हार/लिब/डीबस/मशिन-आयडी' बघा. ती पहिल्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक असेल तर ठीक. स्वतंत्र फाइल असेल तर ती काढून तिथे लिंक करा. नाहीतर सिस्टमडी तिच्यातला जुनाच आयडी उचलतो आणि सगळी मेहनत वाया जाते. आता रीस्टार्ट.

यानंतर जर्नलसीटीएलमध्ये (सिस्टमच्या नोंदी दाखवणारी आज्ञा) आधीच्या नोंदी दिसत नाहीत, पण त्या पुसलेल्या नसतात. /व्हार/लॉग/जर्नल मध्ये जुन्या आयडीच्या नावाचा फोल्डर तसाच असतो. 'जर्नलसीटीएल -डी' (डी कॅपिटल) पुढे त्याचा मार्ग देऊन वाचा.

तुम्ही विचारलं नाहीत, पण एसएसएचच्या होस्ट किल्ल्याही (मशिनची ओळख पटवणाऱ्या फाइली) सहाही मशिनांवर सारख्याच असणार. म्हणजे एका मशिनची किल्ली ज्याच्या हाती लागली, तो उरलेल्या पाचांपैकी कोणाचंही सोंग घेऊ शकतो. प्रत्येकावर 'सुडो आरएम /ईटीसी/एसएसएच/एसएसएच_होस्ट_*' आणि लगेच 'सुडो एसएसएच-कीजेन -ए' (ए कॅपिटल), मग एसएसएच सेवा रीस्टार्ट. तुमच्या लॅपटॉपवर होस्ट ओळख बदलल्याचा मोठा इशारा येईल. या वेळी तो अपेक्षितच आहे. 'एसएसएच-कीजेन -आर' (आर कॅपिटल) पुढे मशिनचं नाव देऊन जुनी नोंद काढा, आयपीने जोडत असाल तर आयपीचीही.

सातवं मशिन काढायचं असेल, तर मूळ प्रतीतच मशिन-आयडी रिकामा करून ती बंद करा आणि मगच नक्कल घ्या.